‘आण इकडे, मी करतो!’

सकाळच्या दौंड-पुणे गाडीत बसा. पाटस गेलं, कडेठाण गेलं, केडगावला दारात उभं राहायलाही जागा उरली नाही, की फोन वाजायला लागतात. ‘आई, ओटीपी आला का? सहा आकडे असतील बघ. नाही, नाही, ते नको दाबू. अगं, कुठे दाबलंस? थांब. आता काहीच करू नकोस. संध्याकाळी आलो की मी करतो.’ हडपसर येईपर्यंत हाच डायलॉग चार जणांच्या तोंडून तरी ऐकू येतो. मुलींच्या तोंडी ‘मी करते’, एवढाच काय तो फरक.

रांजणगाव एमआयडीसीत जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्येही हेच चालतं, असं माझा मित्र सांगतो. तो शिरूर तालुक्यातला, मी दौंडची. दोघंही आपापल्या घरचे बिनपगारी आयटी मॅनेजर. लाईटबिल भरायचंय? आण इकडे. गॅस बुक करायचाय? आण इकडे. सातबारा काढायचाय? आण, आण. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींची ई-केवायसी निघाली तेव्हा तर आम्हा मंडळींच्या वाट्याला शेजारपाजारच्या बहिणीही आल्या होत्या! दहा सेकंदांत काम खल्लास. आई खूश, आपण खूश आणि पुन्हा रील्स बघायला मोकळे.

पण बॉस, फोन ज्याच्या हातात असतो तोच शिकतो. आणि फोन हातात घ्यायला घाबरणारी घरातली बाई दर वेळी ‘टेक्नॉलॉजी जमत नाही’ या गटातली असतेच असं नाही. कितीतरी घरांत तिला मुळात वाचताच येत नसतं. हे कुणी बोलून दाखवत नाही. ‘तिला चष्मा लागतो’, ‘तिला त्यातलं काही कळत नाही’ असं म्हणून वेळ मारून नेतात. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यातल्या पुरुषांची साक्षरता जवळपास ९१ टक्के होती आणि बायकांची ८१. विद्येचं माहेरघर, आयटी पार्क, ऑटो हब वगैरे वगैरे सगळं धरून, पाचातल्या जवळजवळ एका बाईला वाचता येत नव्हतं.

अशा बाईसाठी मराठीत ऑनलाइन काही आहे का? शोधायला बसलं तर बरंच सापडतं. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ अशा पाच वर्षांसाठी आखलेला आहे. त्याचं मोबाईल ॲप २०२३ मध्ये आलं. वय पंधराच्या पुढे, वरची मर्यादा नाही. ॲपवर शिकणाऱ्याची नोंद होते, तशी शिकवणाऱ्या स्वयंसेवकाचीही. शिकायचं साहित्य ‘दीक्षा’वर. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून आहे, त्यावर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीप्रमाणे लावून ठेवल्यात, म्हणजे एका ओळीच्या गोष्टीपासून सुरुवात करता येते. गुगलचं ‘रीड अलाँग’ २०२० मध्ये मराठीतही आलं. तुम्ही मोठ्यानं वाचायचं, फोन ऐकतो आणि अडलात की शब्द सांगतो. खर्च शून्य. डेटा पॅक सोडून.

गंमत अशी, की यातल्या कुठल्याही ठिकाणी शिरायचं तर आधी वाचता यावं लागतं! ‘उल्लास’मध्ये नाव घालायचं, तर ते दुसऱ्या कुणीतरी घालायचं. ‘दीक्षा’वरचा व्हिडिओ शोधायचा, तर दुसऱ्या कुणीतरी शोधायचा. म्हणजे हे सगळं त्या ‘दुसऱ्या कुणीतरी’वर चालतं. ‘उल्लास’ची योजना तर उघडच स्वयंसेवकांच्या खांद्यावर उभी आहे, मानधन नाही, कर्तव्य म्हणून शिकवायचं. महाराष्ट्रात २०२३ मध्ये निरक्षरांचं सर्वेक्षण करायची वेळ आली तेव्हा शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला होता. माझ्या मते त्यांचं फारसं चुकलं नाही. सरकारला काहीही मोजायचं असलं की झेडपीचा मास्तर आहेच. पण मग हा दुसरा कुणीतरी कोण?

मित्र म्हणाला, ‘आमच्या घरी ये, दाखवतो.’ त्याचं घर न्हावऱ्याच्या बाजूला एका वस्तीवर. मी केडगावला उतरले. केडगावचं नाव साक्षरतेच्या गोष्टीत घ्यायलाच हवं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं, आपल्या दौंड तालुक्यातलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दुष्काळ आणि प्लेगच्या त्या वर्षांत त्यांनी इथे विधवांना, अनाथ मुलींना आणलं, वाचायला शिकवलं आणि तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मिशनचा स्वतःचा छापखाना होता आणि तिथे खिळे जुळवण्यापासूनची कामं याच बायका करायच्या. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं तेही साध्या बायकांना वाचून कळेल अशा भाषेत. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते छापून आलं. रोज गाडीच्या खिडकीतून केडगाव बघणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, देव जाणे. साध्या भाषेचा मुद्दा मात्र डोक्यात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

चौफुल्यावरून न्हावऱ्याचा रस्ता धरला, पारगावला भीमा ओलांडली आणि तासाभरात काकूंच्या ओट्यावर चहा घेत बसले. काकू म्हणजे मित्राची आई. पन्नाशी ओलांडलेली. दोन जर्सी गाई आणि एक म्हैस, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, तेव्हा त्याचा रोख १५ ते ३५ वयाच्या लोकांवर होता. काकू त्यात अगदी फिट बसत होत्या. नव्वदच्या सुमारास गावात रात्रीचा वर्ग भरायचा, नव्या नवरीच्या काकू त्याला चार दिवस गेल्यासुद्धा. ‘पाचव्या दिशी सासू म्हणली, भाकरी कोण थापील? झालं. संपली शाळा.’

पस्तीस वर्षांनी त्यांची शाळा पुन्हा भरली ती शेजारच्या नववीतल्या मुलीमुळे. झेडपी शाळेतल्या बाईंनी काकूंचं नाव ‘उल्लास’मध्ये घातलं, या मुलीचं स्वयंसेवक म्हणून. काकू तिला ‘मास्तरीणबाई’ म्हणतात, ती काकूंना ‘आज्जी’. फोन मित्राचा जुना, काचेला तडा गेलेला, पण काकूंच्या नावाचा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घरात फोन एकच आणि तो मालकांच्या खिशात असेल तर जगातलं कुठलंही ॲप कामाचं नाही.

२३ मार्च २०२५ ला काकूंनी ‘उल्लास’ची परीक्षा दिली. एकूण १५० गुण, वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. पास व्हायला प्रत्येकात ३३ टक्के. सकाळी दहा ते पाच या वेळात कधीही या आणि पेपर द्या, अशी सोय. ही सोय ज्या कुणाला सुचली त्याला सलाम, कारण काकू सकाळची धार काढून, डेअरीला दूध घालून, स्वयंपाक आवरून गेल्या आणि संध्याकाळच्या धारेला घरी परत. नापास हा शब्दच नाही, कमी पडलं तर ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा आणि पुन्हा संधी. काकू पास झाल्या. सर्टिफिकेट देव्हाऱ्याशेजारी लावलंय.

आणि तरीही डेअरीची चिठ्ठी त्यांना वाचता येत नव्हती.

ज्यांच्या घरी गोठा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दूध घातलं की मशीनमधून छोटी चिठ्ठी निघते. किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, दर काय, रुपये किती. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. खाली गेलं की पॉइंटमागे दर कापला जातो. दहा दिवसांनी ‘दुधाचा पगार’ होतो, त्यातून पेंडीच्या गोण्या, घेतलेली उचल वजा होते. सगळे आकडे, सगळे टिंबवाले. गावोगावच्या बायका दिवसातून दोनदा ही चिठ्ठी हातात घेतात आणि चुरगाळून कमरेला खोचतात, हिशेब पोरगा बघतो. पोरगा कुठे? रांजणगावला, सेकंड शिफ्टला.

मास्तरीणबाईंनी आधी बाकीच्यांसारखीच सुरुवात केली होती. अ अननसाचा. काकूंनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं, ‘अननस मी अजून खाल्लेला न्हाई. माझ्या चिठ्ठीचं काय ते सांग.’ संख्याज्ञानाचं तेच. एका ॲपमध्ये फुगे मोजायचे होते, चार लाल, तीन निळे, एकूण किती. तीस वर्षं दुधाचा, पेंडीचा, बचत गटाच्या हप्त्याचा हिशेब तोंडी करणाऱ्या बाईला फुगे! ‘रीड अलाँग’मधली दिया नावाची कार्टून पोरगी शाब्बासकी द्यायला लागली तेव्हा काकू तर हसत सुटल्या. लहान मुलांसाठी केलेली वस्तू मोठ्यांच्या हातात दिली की असं होतं. बाईला अक्षर येत नसेल, अक्कल पूर्ण असते.

त्या दिवशी मी जे बघितलं ते सांगते. दोन चिठ्ठ्या समोर ठेवल्या होत्या. एकीवर ९.२५ लिटर, दुसरीवर ९.५. मास्तरीणबाईंनी विचारलं, ‘आज्जी, जास्त दूध कुठल्या दिवशी?’ काकूंनी ९.२५ वर बोट ठेवलं. बरोबरच आहे, पंचवीस मोठे की पाच? हा घोळ एकट्या काकूंचा नाही. टिंबाच्या पुढचे आकडे जितके जास्त तितकी संख्या मोठी, असं जगभरातली शाळकरी मुलंही समजतात, गणित शिकवणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं.

मुलीनं फोन उघडला, ‘दीक्षा’वरचा दशांश अपूर्णांकांचा व्हिडिओ लावला. त्यात एक चौकोन, त्याचे दहा भाग, मग शंभर भाग. काकूंनी शांतपणे बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘ह्ये कळलं न्हाई.’

मग मुलगी म्हणाली, ‘आज्जी, सव्वानऊ मोठे का साडेनऊ?’

‘आता हे काय इचारनं झालं? साडेनऊ!’

‘हे सव्वानऊ आहे,’ तिनं ९.२५ वर बोट ठेवलं. ‘आणि हे साडेनऊ.’

काकू दोन्ही चिठ्ठ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हंजी ह्ये चाराणे अन् ह्ये आठाणे.’ मुलीला काहीच कळलं नाही! २५ पैशांचं नाणं २०११ मध्येच चलनातून गेलं, हिनं चाराणे बघितलेत कुठे? ते मी समजावलं. मग ९.५ च्या पुढे एक शून्य लिहून ९.५० केलं, पंचवीस पैसे आणि पन्नास पैसे शेजारी शेजारी ठेवले आणि काम झालं. त्यानंतर काकूंनी कमरेच्या, फडताळातल्या, पिशवीतल्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. ३.५ म्हणजे साडेतीन. ८.५ म्हणजे साडेआठ. ३.३ ला अडल्या, कारण सव्वातीनही नाही आणि साडेतीनही नाही. ‘सव्वातीनाच्या जरा वर,’ त्याच म्हणाल्या. अहो, याला संख्याज्ञान नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

सव्वा, दीड, अडीच, पावणेचार हे आपल्या मराठीचं सॉलिड भांडवल आहे. आधीच्या पिढ्या पावकी-निमकी घोकायच्या, त्यामुळे शाळेत न गेलेल्या माणसालाही अपूर्णांकांचा अंदाज पक्का असतो. कुठल्याही ॲपच्या आधी हे त्याच्याकडे असतं. त्याला फक्त कागदावरच्या खुणांशी जोडून द्यायचं असतं.

मराठीत एक अडचणही आहे. आपण ‘सत्तावीस’ म्हणतो, म्हणजे आधी सात, मग वीस. लिहिताना आधी दोन, मग सात. नव्यानं लिहायला शिकणारा माणूस कानावर विश्वास ठेवून ७२ लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? मराठीचा खून वगैरे. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीनं सांगत होत्या, की जोडाक्षरं आणि उलट क्रम यामुळे मुलांना जड जातं. मी तेव्हा भाषावाल्यांच्या बाजूची नव्हते आणि काकूंना बघून तर नाहीच नाही. कारण फोनवर पैसे पाठवताना सत्तावीसशेचे बहात्तरशे झाले तर ते समोरच्याकडून परत मिळवायला साडेसातीची फेरी. म्हणून मास्तरीणबाईंचा नियम आहे, रक्कम आकडा आकडा वाचायची. ‘दोन, सात, शून्य, शून्य.’ मग ‘सत्तावीसशे’. मगच बटण. सराव एक रुपयानं. मित्राला कंपनीत दिवसातून तीन वेळा एक रुपया येतो, त्याच्या टीमला वाटतं काहीतरी स्कॅम चाललाय. दुसरा नियम, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कुणी मागितला तर फोन ठेवायचा. आणि तरीही फसलोच तर १९३० ला फोन. हा आकडा काकूंनी गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिलाय. स्वतः.

वाचनाचं मात्र ॲपपेक्षा दोन भलत्याच गोष्टींनी जास्त जमलं. एक म्हणजे कीबोर्डवरचा माईक. काकू ‘पेंड’ म्हणतात, स्क्रीनवर ‘पेंड’ उमटतं. आपलाच शब्द, आपल्याच तोंडचा, अक्षरात! ‘कडबा’, ‘वासरू’, नातीचं नाव. कधी फोन भलतंच ऐकतो, मग चुकलंय हे ओळखायला वाचावं लागतं, तोही अभ्यासच. दुसरं म्हणजे हरिपाठ. तो काकूंना तोंडपाठ. यूट्यूबवर शब्द दिसणारा व्हिडिओ लावायचा आणि गाता गाता शब्दावर बोट फिरवायचं. पुढचा शब्द काय येणार हे आधीच माहीत असल्यानं डोळा त्याला बरोबर पकडतो. ही कल्पना तशी जुनी आहे. आयआयएम अहमदाबादचे ब्रिज कोठारी १९९६ पासून हेच सांगत आलेत, की टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेत शब्द दाखवा, लोक आपोआप वाचायला लागतात. गुजरातीत १९९९ मध्ये चित्रगीतांवर हा प्रयोग झाला. चित्रगीतांच्या जागी हरिपाठ घाला, दुसरं काही नाही.

आता तो साध्या भाषेचा मुद्दा. काकूंना अक्षर जुळवता यायला लागलं आणि त्या सरकारी साइटच्या बटणांवर आपटल्या. ‘पडताळणी’. ‘प्रमाणीकरण’. ‘सादर करा’. ‘प-ड-ता-ळ-णी’ हे त्यांनी घाम गाळून वाचलं आणि विचारलं, ‘म्हंजी काय?’ मित्र म्हणाला, ‘व्हेरिफाय.’ काकू म्हणाल्या, ‘म्हंजी?’ रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी केडगावात बसून केलं ते आज कुठल्या मंत्रालयाला करता येऊ नये? ‘तपासा’ लिहा की! २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं साक्षरतेची व्याख्या रुंद केली, त्यात डिजिटल आणि आर्थिक साक्षरताही आली. छान. पण मग ही बटणंही त्या व्याख्येत बसवा.

हाच प्रश्न उसाच्या फडातही आहे. भीमा-पाटस असो की न्हावऱ्याचा घोडगंगा, ज्या ज्या हंगामात या पट्ट्यातली धुराडी पेटली, त्या त्या वेळी बीड-नगरकडच्या टोळ्या इथे उतरल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल किती घेतली, किती टन तोडला, किती फिटलं, हे मुकादमाच्या वहीत. काकू सांगत होत्या, फडातल्या बायका दूध न्यायला यायच्या, त्यातल्या एकीनं वजनाची पावती पुढे केली आणि विचारलं, ‘ताई, ह्यात किती टन लिहिलंय?’ काकूंनी वाचून सांगितलं. ‘साडेआठाच्या जरा वर.’ बाईनं ते पाठ करून घेतलं आणि गेली.

तुमच्या घरात, सोसायटीत, ऑफिसच्या पँट्रीत अशी कुणी असेल तर जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेत ‘उल्लास’ची नोंदणी विचारा, किंवा ॲपवर स्वयंसेवक म्हणून स्वतःचं नाव घाला. पुस्तक कुठलं, ॲप कुठलं याचा फार विचार करू नका. तिच्या हातात रोज येणारा कागद कुठला, तो मागा. वीस मिनिटं. आणि आपले हात पाठीमागे बांधून बसा, कारण पाचव्या मिनिटाला ‘आण इकडे’ तोंडावर येणारच.

मित्राचं आता एवढंच काम उरलंय, रोज रात्री काकू त्या दिवशीचे आकडे त्याला व्हॉट्सॲपवर पाठवतात, त्यानं फक्त अंगठा दाखवायचा. टाइप केलेले असतात, व्हॉइस नोट नाही. गेल्या महिन्यात पगाराच्या कपातीत पेंडीची एक गोणी जास्तीची धरली होती. ती काकूंनी स्वतः डेअरीत जाऊन वजा करून घेतली. डेअरीतला पोरगा म्हणाला, ‘काकू, दादाला पाठवायचं ना.’

सध्या गाडी भागाकारावर अडलीय. दहा दिवसांचा पगार भागिले लिटर, म्हणजे सरासरी काय दर पडला, हे काकूंना काढायचंय. पण मास्तरीणबाईंची वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय, त्यामुळे तीन आठवडे वस्तीवर स्वयंसेवकाची जागा रिकामी आहे. मित्राला फर्स्ट शिफ्ट मागून घ्यायला सांगितलंय.